हॉटेलातलं गाणं आणि व्हिक्टर हर्बर्टचा दावा

गेल्या वर्षी गॅदरिंगचा खजिनदार मी होतो. खजिनदार म्हणजे काय, तर सगळी दुनिया स्टेजवर मिरवत असताना मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून पावत्या सांभाळणारा प्राणी. मंडपवाला, साउंडवाला, जनरेटरचं डिझेल, बाहेरून आणलेल्या की-बोर्डवाल्याचं मानधन, प्रमुख पाहुण्यांचं शाल-श्रीफळ, व्हॉलंटियर्सचे वडापाव... एकूण एक रुपया वहीत चढवला होता. हिशेब तपासणाऱ्या सरांकडे वही घेऊन गेलो तेव्हा मनातून जाम खूश होतो. सरांनी पानं उलटली, वडापावच्या आकड्यावर जरा थबकले (आकडा खरंच मोठा होता!) आणि सहज विचारलं, की ऑर्केस्ट्रात बावीस गाणी झाली, ती ज्यांनी लिहिली आणि ज्यांनी त्यांना चाली लावल्या त्यांच्या नावावर वहीत काय आहे?

मी हसलो. सर हसले नाहीत. बाहेरच्या लोकांना पास विकले होते ना, असंही त्यांनी विचारलं. विकले होते. मग त्यांनी कागदाच्या कपट्यावर एका माणसाचं नाव लिहून दिलं आणि पीएलमध्ये वेळ मिळाला तर याच्याबद्दल वाच म्हणाले. पीएलमध्ये अभ्यास सोडून बाकी सगळ्याला वेळ मिळतो, हे सरांना वीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक असणार.

नाव होतं व्हिक्टर हर्बर्ट.

तुमच्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसेल, मीही ऐकलं नव्हतं. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत ज्याच्या चाली रस्त्यावरचा पोरगाही शिट्टीवर वाजवायचा, असा हा माणूस. ब्रॉडवेवर त्याच्या संगीतिका महिनोन्महिने चालत. आपल्याकडे संगीत नाटकातली पदं जशी नाटक न पाहिलेल्यांच्याही तोंडी असायची, तसंच काहीसं समजा. आणि ह्या माणसानं १९१५ साली एका हॉटेलवर दावा ठोकला. का, तर हॉटेलात लोक जेवत असताना त्याचं गाणं गायलं गेलं म्हणून! वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा तो अतिशय कद्रू वाटला. तो कद्रू नव्हता, हे कळायला मला चार-पाच दिवस लागले.

हर्बर्टचा जन्म १ फेब्रुवारी १८५९ चा. तो स्वतः आयुष्यभर डब्लिनला जन्मलो असंच सांगत आला; अलीकडच्या संशोधकांना मात्र त्याच्या जन्माचा धागा गर्न्सी बेटावर सापडला आहे. ते काही असो, घरचं वळण आयरिश होतं. आईचे वडील सॅम्युअल लव्हर हे आयर्लंडमधले नावाजलेले लेखक, चित्रकार आणि गाणी रचणारे. बाप लहानपणीच दुरावला. काही वर्षं आजोळी इंग्लंडात गेली. मग आईनं एका जर्मन डॉक्टरशी लग्न केलं आणि पोरगा जर्मनीत श्टुटगार्टला वाढला. आता गंमत पाहा. ह्याला व्हायचं होतं डॉक्टर. पण तिथलं वैद्यकीय शिक्षण महाग आणि सावत्र वडिलांची आर्थिक स्थिती तोवर घसरलेली. म्हणून तो संगीताकडे वळला. आपल्याकडे पैसे नाहीत म्हणून पोरगा संगीत सोडतो आणि इंजिनिअरिंगला येतो, तिथे उलटं झालं.

त्यानं चेलो हातात घेतला. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, खुर्चीवर बसून गुडघ्यांत धरून वाजवायचा. शिकवणारे गुरू चांगले मिळाले, पुढे व्हिएन्नात स्ट्राउस घराण्यातल्या एडुआर्ड स्ट्राउसच्या वाद्यवृंदात आणि मग श्टुटगार्टच्या राजदरबारच्या वाद्यवृंदात त्याला जागा मिळाली. तिथेच ऑपेरात गाणारी थेरेझ फ्योर्स्टर भेटली. १८८६ च्या ऑगस्टमध्ये लग्न झालं आणि त्याच शरद ऋतूत दोघं न्यूयॉर्कला पोचली. बोलावणं खरं तर तिला होतं. मेट्रोपॉलिटन ऑपेराला गायिका हवी होती. नवऱ्याला खाली वाद्यवृंदात चेलो वाजवायचं काम मिळालं. बायको वर प्रकाशात आयडाची भूमिका गातेय आणि नवरा खाली अंधारात तिला साथ करतोय, असा त्यांचा अमेरिकेतला पहिला मोसम गेला.

पण पाच-सहा वर्षांत पारडं फिरलं. न्यूयॉर्कच्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीत तो चेलो शिकवू लागला. १८९२ मध्ये तिथे संचालक म्हणून आला अँटोनीन ड्वोर्झाक, चेक देशातला थोर संगीतकार. १८९४ च्या मार्चमध्ये हर्बर्टनं स्वतः रचलेली चेलोची दुसरी कॉन्चेर्टो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर वाजवली. ड्वोर्झाक ऐकायला बसला होता. चेलो हे एकट्यानं पुढे बसून वाजवायचं वाद्य आहे यावर त्याचा फारसा विश्वास नव्हता. तो त्या संध्याकाळी बसला असावा, कारण त्यानंतर वर्षभरात त्यानं जी चेलो कॉन्चेर्टो लिहिली ती आज जगातली सगळ्यात प्रसिद्ध समजली जाते. हर्बर्टनं दुसरं काहीही केलं नसतं तरी एवढ्यावर त्याचं नाव राहिलं असतं.

त्यानं दुसरं खूप काही केलं. १८९३ पासून लष्करी बँड चालवला, १८९८ ते १९०४ पिट्सबर्गच्या सिंफनी वाद्यवृंदाचा प्रमुख होता, आणि मधल्या काळात ब्रॉडवेसाठी संगीतिका लिहायचा सपाटा लावला. ‘बेब्ज इन टॉयलँड’ १९०३, ‘मादमोझेल मोदिस्त’ १९०५, ‘द रेड मिल’ १९०६, ‘नॉटी मॅरिएटा’ १९१०, ‘स्वीटहार्ट्स’ १९१३. ही फक्त गाजलेली नावं. इतर संगीतकार चाल करून वाद्यमेळ दुसऱ्याकडून लिहून घेत. हा प्रत्येक वाद्याची ओळ स्वतः लिहायचा. अंगानं भारदस्त, खाण्यापिण्याचा दर्दी, मित्रांत रमणारा, हात सढळ. आणि एक गुण (किंवा अवगुण) असा, की डिवचलं तर कोर्टात जाणारा. एका संगीत साप्ताहिकानं त्याच्या चाली उसन्या आहेत असं छापलं, तर ह्यानं अब्रुनुकसानीचा दावा केला आणि १९०२ मध्ये जिंकला. पंधरा हजार डॉलर मंजूर झाले, अपिलात ते पाच हजारांच्या आसपास आले. त्या काळात ही रक्कम म्हणजे चेष्टा नव्हे.

आता जरा पैशाचं गणित. ते समजल्याशिवाय हॉटेलाचं भांडण समजत नाही.

त्या काळी गाणं लिहिणाऱ्याला पैसे मिळायचे ते छापील स्वरलिपीच्या विक्रीतून. घराघरात पियानो, लोक दुकानातून गाण्याचा कागद विकत आणत, प्रकाशक प्रत्येक प्रतीमागे काही सेंट संगीतकाराला आणि गीतकाराला देई. दुसरा मार्ग नाट्यगृह. संगीतिका चालू असेल तोवर तिकिटांच्या गल्ल्यातला ठरलेला टक्का. मग आलं तंत्रज्ञान! भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो आले, फोनोग्राफ आला. गाणं तेच, पण कागद विकला जाईना आणि गुंडाळी बनवणारा कारखाना संगीतकाराला छदाम देईना. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानंही निकाल दिला, की माणसाला डोळ्यांनी वाचता येत नाही अशी भोकांची गुंडाळी म्हणजे गाण्याची प्रत नव्हे. (सॉफ्टवेअरवाल्या मित्रांनी ह्या वाक्याचा शांतपणे विचार करावा.) हर्बर्ट आणि बँडवाला सूसा हे दोघे १९०६ पासून वॉशिंग्टनला खेटे घालत होतेच. १९०९ चा नवा कायदा झाला आणि प्रत्येक गुंडाळीमागे, तबकडीमागे दोन सेंट द्यायचं ठरलं.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. संगीत लोकांसमोर सादर करण्याचा हक्क त्याच्या मालकाचा. असा हक्क १८९७ च्या कायद्यातही होता. १९०९ मध्ये त्याला शेपूट जोडलं गेलं, की सादरीकरण नफ्यासाठी असेल तरच. सगळी लढाई पुढे ह्या शेपटावर झाली.

न्यूयॉर्कमध्ये तेव्हा मोठमोठ्या खाणावळींचं पेव फुटलं होतं. खाणावळ म्हणजे आपली मेस डोळ्यांसमोर आणू नका. झुंबरं, गालिचे, शेकडो टेबलं, एका कडेला वाद्यवृंद, मधूनमधून गायक-गायिका. वाद्यवृंदाला पगार मिळे, वेटरला टिप मिळे, कोळंबीवाल्याला कोळंबीचे पैसे मिळत. ज्याचं गाणं चाललंय तो जर त्याच हॉटेलात येऊन बसला, तर त्याला मिळे जेवणाचं बिल. इटालियन संगीतकार पुचिनी १९१० मध्ये न्यूयॉर्कला आला होता, तेव्हा हॉटेलात आपलंच संगीत ऐकून तो खूश झाला आणि याचे पैसे मिळत नाहीत हे कळल्यावर चकित झाला, अशी कथा सांगतात. चकित होण्याचं कारण होतं. युरोपात हा प्रश्न कधीच सुटलेला होता. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्ट बुर्जे नावाच्या गीतकारानं आपली गाणी तिथे चालू आहेत असं पाहून साखरपाण्याचं बिल द्यायला नकार दिला. माझ्या गाण्याचे तुम्ही देत नाही तर तुमच्या पाण्याचे मी देत नाही, इतकं साधं गणित. प्रकरण कोर्टात गेलं, बुर्जे जिंकला आणि १८५१ मध्ये फ्रान्सच्या गीतकार-संगीतकारांची संस्था उभी राहिली. ती आजही वसुली करते. अमेरिकेत कायद्याच्या पुस्तकात कलम होतं, पण एकटा संगीतकार कुठे कुठे धावणार? एका रात्री शेकडो ठिकाणी वाद्यवृंद वाजताहेत. प्रत्येक दारात जाऊन हिशेब मागायला तो चोवीस तासांत किती पळेल?

म्हणून संस्था हवी. पुचिनीच्या प्रकाशकाचा अमेरिकेतला प्रतिनिधी जॉर्ज मॅक्सवेल, नेथन बर्कन हा तरुण वकील (रोमानियातून पोटासाठी आलेल्या कुटुंबातला) आणि काही संगीतकार ह्यांनी १९१३ च्या ऑक्टोबरात एक बैठक बोलावली. जागा १४ व्या रस्त्यावरचं ल्यूखोव्ज हे जर्मन हॉटेल, हर्बर्टचं लाडकं. आमंत्रणं गेली छत्तीस जणांना. त्या रात्री असा काही पाऊस कोसळला की आले फक्त नऊ! छत्तीस जणांचं जेवण सांगितलेलं आणि टेबलावर नऊ टाळकी. कमिटीच्या मीटिंगा ज्यांनी घेतल्या आहेत त्यांना ही अवस्था वेगळी सांगायला नको. बाकीच्यांचा धीर सुटत होता. सगळ्यांत मोठं नाव असलेल्या हर्बर्टनं तो धरून ठेवला. मला वाटतं, ह्या माणसाची खरी किंमत त्या रात्री कळते. कारण त्याला ह्या संस्थेची गरजच नव्हती. त्याच्या संगीतिका चालू होत्या, नाट्यगृहातून दर आठवड्याला पैसे येत होते, तबकड्यांचे दोन-दोन सेंट जमत होते. गरज होती ती ज्याचं एकच गाणं गाजलं आणि नंतर काही जमलं नाही अशांना.

अमेरिकेला असं एक उदाहरण चांगलं माहीत होतं. स्टीफन फॉस्टर. एकोणिसाव्या शतकात अख्खा देश ज्याची गाणी गात होता तो. नाटकमंडळ्या त्याची गाणी गावोगाव स्टेजवर गात, तिकिटं विकत, त्याला त्यातलं काही नाही. तेव्हा तसा कायदाच नव्हता. कर्ज झालं म्हणून १८५७ मध्ये त्यानं आपल्या गाण्यांचे पुढचे सगळे हक्क दोन हजार डॉलरच्या आसपास रकमेला प्रकाशकांना विकून टाकले. १८६४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात तो वारला. वय सदतीस, पाकिटात अडतीस सेंट.

तर १३ फेब्रुवारी १९१४ ला संस्था रीतसर स्थापन झाली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून तिला अॅस्कॅप म्हणतात. मॅक्सवेल अध्यक्ष, हर्बर्ट उपाध्यक्ष, आणि हे पद त्यानं मरेपर्यंत सांभाळलं. पद्धत अशी ठरली, की हॉटेलानं गाण्यागणिक परवानगी मागायची नाही. ठरावीक रक्कम भरायची आणि सगळ्या सभासदांची सगळी गाणी हवी तेवढी वाजवायची. महिन्याचं मेसचं बिल जसं, पोळ्या मोजत बसायच्या नाहीत. आणि पैसे मागायचे ते मालकाकडे, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याकडे नव्हे. हा मुद्दा मला वाचेपर्यंत कळला नव्हता. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या पोरांना कोणी काही मागणार नव्हतं, जो कार्यक्रम भरवतो त्याच्याकडे बोट. म्हणजे माझ्याकडे.

हॉटेलमालक अर्थातच उसळले. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही तुमची जाहिरात करतो, आमच्याकडे ऐकून लोक दुकानात कागद घ्यायला जातात, वर आम्हीच पैसे द्यायचे? आणि हे अगदीच खोटं नव्हतं. बरेच प्रकाशक तर आपलं गाणं गाऊन घेण्यासाठी गायकांनाच पैसे चारत. त्यांना ही नवी संस्था नकोच होती. कित्येक मोठे प्रकाशक पहिली काही वर्षं बाहेरच राहिले. वादकांना धास्ती, की मालकांनी वाद्यवृंदच बंद केले तर आपलं कसं? म्हणजे बाजू एकच आणि सरळ, असा हा मामला नव्हता. निकाल कोर्टातच लागायचा होता.

टाइम्स स्क्वेअरपाशी शॅन्लीज नावाचं मोठं हॉटेल होतं. १९१५ च्या वसंतात तिथे स्टेजवरून ‘स्वीटहार्ट्स’चं शीर्षकगीत गायलं गेलं, त्याच संगीतिकेतलं, जी दीडच वर्षापूर्वी जवळच्या नाट्यगृहात तिकीट लावून चालली होती. हर्बर्ट स्वतः टेबलावर बसून ऐकत होता असं सांगतात. दावा दाखल झाला. दुसरीकडे एका मोठ्या हॉटेलाच्या भोजनगृहात सूसाची एक कूचधून वाजली म्हणून त्याच्या प्रकाशकानंही असाच दावा लावला होता.

शॅन्लीजच्या वकिलांचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड होता. दारात तिकीट आहे का? नाही. गाण्याचे वेगळे पैसे लावतो का? नाही. पदार्थांच्या यादीत गाण्याची किंमत आहे का? नाही. मग नफा कसला? आम्ही जेवण विकतो, गाणं फुकट आहे. खालच्या कोर्टानं हे मानलं. तिथे न्यायाधीश होते लर्नेड हँड, पुढे अमेरिकेतल्या सर्वांत नावाजलेल्या न्यायाधीशांत गणले गेले ते. अपील कोर्टानंही मानलं. दोनदा हरल्यावर संस्था मोडकळीला आली असती तर नवल नव्हतं. हॉटेलवाले पैसे भरायला तयार नाहीत, सभासदांना एक डॉलर वाटलेला नाही, वकिलाचा खर्च चालूच. हर्बर्ट आणि बर्कन सर्वोच्च न्यायालयात गेले.

२२ जानेवारी १९१७ रोजी न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स ह्यांनी निकाल वाचला. निकाल एकमतानं आणि जेमतेम दीड पानाचा. आमच्या लॅब जर्नलच्या एका एक्सपेरिमेंटहून छोटा! त्याचा गाभा मी माझ्या शब्दांत सांगतो. दारात पैसे घेतले तरच हक्क मोडला असं धरलं, तर त्या हक्काला काही अर्थच उरत नाही. तिकीट लावणाऱ्या नाट्यगृहाला शेजारच्या फुकट हॉटेलाशी टक्कर द्यावी लागेल. हॉटेल काही धर्मादाय म्हणून गाणं ऐकवत नाही. लोक तिथे जे मोजतात ते एकट्या अन्नाचे नसतात. तेवढंच अन्न दुसरीकडे स्वस्तात मिळतं. जेवणाबरोबर थाट, गंमत, गाणं असं सगळं मिळून ते पैसे असतात. गाण्यानं धंदा होत नसता तर मालकानं ते कधीच बंद केलं असतं. आणि धंदा प्रत्यक्षात झाला की नाही हे पाहायचं कारणही नाही, हेतू नफ्याचा आहे एवढं पुरे.

मी हे वाचलं आणि वही काढली. गॅदरिंगच्या पासाचे पैसे आम्ही कशाचे घेतले होते? मंडपाचे? खुर्चीचे? लोक ऑर्केस्ट्रा ऐकायलाच आले होते. आमच्याकडे तर दारात तिकीट होतं. शॅन्लीजच्या वकिलाकडे होता तेवढाही बचाव माझ्याकडे नव्हता.

निकाल लागला म्हणजे दुसऱ्या दिवशी पैशांचा पाऊस पडला असं नाही. वसुली करणारी माणसं नेमायची, हॉटेलांशी करार करायचे, न देणाऱ्यांवर पुन्हा दावे लावायचे. सुरुवातीची वर्षं जमलेला पैसा ह्यातच जिरला. संस्थेनं सभासदांना पहिली वाटणी केली ती १९२१ मध्ये, म्हणजे त्या पावसाळी रात्रीनंतर आठ वर्षांनी. कुणाला किती, हाही वाद. कुठल्या हॉटेलात कुठलं गाणं कितीदा वाजलं हे कोण मोजणार? तेव्हा सभासदांची गाणी किती आणि किती चालणारी, ह्यावरून वर्गवारी करून त्याप्रमाणे वाटा देत. वाटणीत निम्मं प्रकाशकांकडे आणि निम्मं लिहिणाऱ्या-चाल लावणाऱ्यांकडे अशी रीत पुढे बसली. ग्रेडिंगवरून भांडणं तिथेही झाली, ती सविस्तर सांगत बसत नाही.

इतक्यात पुन्हा तंत्रज्ञान आडवं आलं. रेडिओ! आता तर ऐकणाऱ्याला हॉटेलात जाऊन सूपसुद्धा घ्यावं लागत नव्हतं. घरी बसून फुकट. रेडिओ केंद्रांनी नेमका शॅन्लीजचाच जुना मुद्दा पुढे केला, की आम्ही ऐकणाऱ्याकडून काही घेत नाही. नेवार्कच्या एका मोठ्या दुकानानं स्वतःचं रेडिओ केंद्र चालवलं होतं. १९२३ मध्ये कोर्टानं होम्स ह्यांच्या निकालाचा धागा पकडून सांगितलं, की गाण्यांच्या जोडीला दुकानाचं नाव हवेत जातंय, म्हणजे हे नफ्यासाठीच आहे. मग रेडिओवाल्यांनी कायदाच बदलून सूट मागितली. १९२४ च्या वसंतात त्या विधेयकाविरुद्ध संगीतकारांची फौज वॉशिंग्टनला गेली, तीत पासष्टीचा हर्बर्ट आणि म्हातारा सूसा हेही होते. ते विधेयक पुढे सरकलं नाही.

त्याच वर्षी १२ फेब्रुवारीला न्यूयॉर्कच्या एओलियन हॉलमध्ये पॉल व्हाइटमनची प्रसिद्ध मैफल झाली. जॉर्ज गर्श्विनची ‘ऱ्हॅप्सडी इन ब्लू’ त्या दिवशी पहिल्यांदा वाजली म्हणून ती तारीख इतिहासात आहे. हर्बर्टनंही त्या कार्यक्रमासाठी खास चार तुकड्यांची एक रचना लिहून दिली होती. ती कुणाच्या फारशी लक्षात नाही. काळ बदलत होता, जाझ आला होता, त्याच्या वॉल्ट्झ जुन्या वाटू लागल्या होत्या. तरी हा गडी नव्या पोरांच्या कार्यक्रमात आपली वही घेऊन हजर! मला तो इथे सगळ्यात जास्त आवडला.

२६ मे १९२४ ला मित्रांबरोबर क्लबात जेवला, बरं वाटेना म्हणून डॉक्टरकडे गेला आणि तिथेच कोसळला. हृदयविकार. न्यूयॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीत त्याला पुरलं. १९२७ मध्ये अॅस्कॅपनं सेंट्रल पार्कमध्ये त्याचा अर्धपुतळा बसवला, तो आजही तिथे आहे. शॅन्लीज कधीच बंद पडलं. ल्यूखोव्जही.

आता आपल्याकडचं थोडक्यात. गाणी लिहिणारे आणि चाली लावणारे ह्यांच्यासाठी वसुली करणारी संस्था आपल्याकडे १९६९ मध्ये मुंबईत निघाली, तिचं नाव इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. पण १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की सिनेमासाठी पैसे घेऊन केलेल्या गाण्याचा मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माता. त्यामुळे आपली बहुतेक गाणी ज्यांची, त्यांच्या हातून हक्क गेला. २०१२ मध्ये कायदा बदलला. आता गीतकार आणि संगीतकार ह्यांचा सिनेमागृहाबाहेरच्या वापरातला निम्मा वाटा त्यांना सहीनिशी सोडून देता येत नाही, कोणी लिहून घेतला तरी तो कागद निरुपयोगी.

आणि गॅदरिंग? आपल्या कायद्यात कॉलेजांना सूट आहे, हे मी सरांना विजयी मुद्रेनं सांगायला गेलो. कॉलेजच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी गाणी सादर केली आणि ऐकणारे विद्यार्थी, शिक्षक, कर्मचारी, पालक एवढेच असले तर कुणाची परवानगी लागत नाही. सरांनी मान डोलावली आणि मी वहीतलं बाहेरच्या पासांचं पान स्वतःहूनच उघडलं. पाहुणा की-बोर्डवालाही त्याच पानावर होता.

यंदा खजिनदार दुसरा आहे. त्याला मी वही देताना सांगितलंय, की बाहेरचे पास विकायचे असतील तर आधी लायसन्सची चौकशी कर आणि ते पैसे मंडपाच्या खाली, वडापावच्या वर लिही. पास न विकता आपल्याआपल्यातच कार्यक्रम करायचा, असंही काहीजण म्हणताहेत, मीटिंगमध्ये ठरेल. दरम्यान बी-विंगमधल्या आमच्या व्हायोलिनवाल्यानं ‘स्वीटहार्ट्स’ची ती वॉल्ट्झ बसवायला घेतली आहे. रोज रात्री जेवणानंतर कर्रकर्र चालू असते. हर्बर्टला जाऊन शंभर वर्षं उलटली, त्याच्या चालीवरचा हक्क केव्हाच संपला, त्यामुळे ह्या एका गाण्याचं कुणालाही काही देणं लागत नाही. शेजारच्या खोल्यांची तक्रार तेवढी रेक्टरांकडे गेली आहे.